पूल नसलेली अकरा बेटं: ह्या चालीरीती खऱ्या वाटतात का?

खारफुटी (रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

एका कल्पित बेटसमूहावर बरेच दिवस लिहिते आहे. भाच्यांना सांगायला म्हणून सुरू केलं होतं. भाचे कॉलेजात गेले आणि बेटं अकरा झाली. कथानक इथे फोडत नाही. विचारायचंय ते तिथल्या माणसांबद्दल.

समूहाचं नाव खारवण. आकाशात दोन चंद्र. थोरला तीस दिवसांत फेरी पुरी करतो, धाकटा बारा दिवसांत. वर्षातले चार महिने पाऊस. सगळ्यात मोठं बेट आदवण, तिथे बांध घालून केलेली भातशेती आणि मागे थोडा डोंगर. घोणस हे लांबट, वळणावळणाचं, तिथे मिठागरं. निवळीला गोडं पाणी आणि कुंभार. वांझ बेटावर कोणी राहत नाही. बाकीची लहान, काहींवर चारच घरं.

पूल कुठेही बांधायचा नाही, कारण पाण्याने प्रत्येक प्रवाशाचा चेहरा पाहिला पाहिजे अशी समजूत. होडीवाल्यांना तारवे म्हणतात. तारवा पैसे घेत नाही, एक बातमी घेतो आणि ती जशीच्या तशी पलीकडे सांगतो. खोटी बातमी देणाऱ्याला मधल्या चिखलपट्ट्यावर उतरवतात. मूल पाणी ओलांडेपर्यंत बिननावाचं असतं, पहिल्या ओलांडणीला तारवाच नाव ठेवतो. मेलेल्याला वांझ बेटावर नेतात, होडीत त्याचं तोंड गावाकडे करून. दर आठ दिवसांनी बाजार भरतो आणि ऐन पावसाळ्यात मिठाचा सण असतो.

प्रश्न असा, की वाचताना यातलं काय खरं वाटतं आणि काय नुसतं चिकटवलेलं? मला सगळं आवडतं, म्हणून मला कळत नाही.

सुकं_सुंगट (रात्री ९:५२)

पहिला!

तारव्याला बातमी द्यायची म्हणजे आमच्या वाड्यावरच्या एका काकूंना जन्मभर फुकट प्रवास. परतीचे पैसेही त्यांनाच द्यावे लागतील.

घाटावरची_मंदा (रात्री १०:०५)

जग छान आहे. होडीवाली चाल सगळ्यात आवडली. पण बाई, तारवा जेवतो काय? बातमीने पोट भरत नाही. त्याची बायको पहिल्याच आठवड्यात वल्हं हिसकावून घेईल.

तिसवाडीकर (रात्री १०:३१)

मंदाताईंचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आपल्याच मातीत आहे. जुन्या गावात न्हावी, लोहार, सुतार दर कामाला पैसे मोजून घेत नसत. सुगीला प्रत्येक घराचा वाटा ठरलेला. आमच्याकडे गावकारीने, म्हणजे गावच्या जमिनी सांभाळणाऱ्या मंडळाने, देवळाच्या आणि गावाच्या चाकरीसाठी जमिनीच लावून दिलेल्या असत. तारव्याचं तसंच करा. आदवणच्या शेतीतला एक तुकडा तारव्यांच्या नावे. बातमी ही त्याची मजुरी नाही, तो त्याचा मान. मजुरी सुगीत मिळते.

ह्यातून तुम्हाला कथानकही मिळेल. भात बुडालं त्या वर्षी तारवा काय करतो? पैसे घेतले तर चाल मोडली, न घेतले तर पोरं उपाशी.

खारफुटी (रात्री १०:४४)

काका, हे लगेच उचलते.

अमावास्या_पुनव (रात्री ११:२०)

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोन चंद्र दिसल्यावर गप्प बसवेना. लांब लिहितोय, कंटाळा आला तर खाली सरका.

खारफुटी, तुम्ही तीस आणि बारा हे आकडे सहज घेतले असतील, पण ते फार चांगले निघाले. धाकटा थोरल्याला दर वीस दिवसांनी गाठतो आणि त्या वीस दिवसांच्या मध्यावर दोघे समोरासमोर येतात. म्हणजे दर दहा दिवसांनी दोन्ही चंद्र एका रेषेत. आपल्याकडे सूर्य-चंद्र एका रेषेत आले की अमावास्या-पुनवेचं उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मवाळ. तुमच्याकडे हा खेळ मुख्यतः दोन चंद्रांचा.

पुढे ऐका. बारा दिवसांत फिरणारा चंद्र तीस दिवसांत फिरणाऱ्यापेक्षा जवळ असलाच पाहिजे. हिशेब केला तर धाकट्याचं अंतर थोरल्याच्या निम्म्याहून थोडंसं जास्त, साधारण ५४ टक्के. भरतीची ओढ अंतराच्या घनाने बदलते. अंतर निम्मं झालं की ओढ आठपट. ह्या हिशेबाने धाकट्याचं वस्तुमान थोरल्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकं असलं तरी समुद्रावरची दोघांची ओढ जवळजवळ सारखी होते. आपल्या चंद्राची ओढ सूर्याच्या सुमारे २.२ पट असते, म्हणून आपल्याकडे अष्टमीलाही पाणी थोडंफार हलतंच. पण तुमच्या चंद्रांची ओढ सारखी असेल तर ते एकमेकांशी काटकोनात आले की एकमेकांना खोडून काढतील. दर दहा दिवसांत एकदा समुद्र जवळपास जागच्या जागी उभा. फक्त सूर्याची हलकी लाट.

म्हणजे तुमच्या लोकांचा आठवडा आठ दिवसांचा असूच शकत नाही. दहा दिवसांचाच असणार. एक दिवस महाउधाण, पाच दिवसांनी उभं पाणी, पुन्हा पाच दिवसांनी उधाण. तान्ह्या पोरालाही हे कळेल, कारण पाणी अंगणात येईल.

सुकं_सुंगट (रात्री ११:२३)

गुरुजी, परीक्षेत येणार का?

अमावास्या_पुनव (रात्री ११:२५)

दहा गुणांना. आकृती काढल्यास दोन जास्त.

मानसपुत्र (रात्री ११:५८)

गुरुजींचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. आमचं घर खाजन शेतीतलं, लहानपण बांधावर गेलं, त्यामुळे उभं पाणी म्हटल्यावर मला जे दिसलं ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाडीकाठची शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. बाहेरून मातीचा-चिऱ्याचा बांध, बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी, लाटेचा मार तीच झेलते. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी वर चढलं की दारं त्याच्याच दाबाने मिटतात. ओहोटीला आतलं पाणी जास्त होतं आणि दारं बाहेर ढकलून निघून जातं. माणूस लागतो तो देखरेखीला आणि दार अडलं तर काढायला. पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जातं आणि मग कोरगूटसारखं खारं सोसणारं भात लावतात.

आता खारवणात दर दहा दिवसांनी पाणी उभं. ओहोटी नाही म्हणजे मानस उघडणारच नाही. उन्हाळ्यात कोणाला फिकीर नाही, पण पावसात उभ्या पाण्याच्या दिवशी मुसळधार लागला तर आतलं पाणी जाणार कुठे? भात बुडणार. म्हणजे आदवणकरांना महाउधाणाची भीती (बांध फुटेल) आणि उभ्या पाण्याचीही भीती (शेत कुजेल). दोन्ही दिवसांचे देव वेगळे असतील. उधाणाचा देव रागीट, त्याला नारळ. उभ्या पाण्याचा देव आळशी. त्याला उठवायला लागेल. ढोल, शिव्या, काहीही.

आणि मासे! मानशीला रात्रीच्या ओहोटीत जाळं लावतात, आतलं सगळं मासळीचं धन तिथे अडकतं. तो हक्क आमच्याकडे पावणीला जातो, बोली लागते. खारवणात भांडणं कशावरून होतात हे तुम्ही लिहिलं नाहीत. मानशीच्या मासळीवरून होतात. मी लिहून देतो.

खारफुटी (रात्री १२:१०)

उभ्या पाण्याच्या देवाला शिव्या! मानसपुत्र, हे वाचून एकटीच हसत बसले आहे. बाजार आता दहा दिवसांनी, उभ्या पाण्याला. त्या दिवशी तारव्यांना कुठल्याही वेळी होडी हाकता येईल, प्रवाह आड येणार नाही.

काडीपेटी (सकाळी ७:१५)

सगळे कौतुक करताहेत म्हणून मी जरा उलट बोलतो. हलके घ्या.

एक, हे कल्पित जग नाही, हे गोव्यातलं दिवाडी बेट आहे. वर दुसरा चंद्र टांगलाय इतकंच. बेटं, बांध, होडी, मीठ. उद्या फेणीही येईल.

दोन, मंडळी प्रत्येक चालीला कारण चिकटवताहेत. भरती अशी म्हणून बाजार तसा, दाब असा म्हणून देव तसा. असं सगळं सुटसुटीत उलगडलं तर ते जग राहत नाही, पाटबंधारे खात्याचा अहवाल होतो. मला त्या लेखातली सगळ्यात खरी ओळ वाटली ती मढ्याचं तोंड गावाकडे करून बसवण्याची. का बसवतात ते खारफुटी यांनी सांगितलेलं नाही. सांगूही नये.

घाटावरची_मंदा (सकाळी ८:०२)

काडीपेटी यांच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. पहिल्याला -१. सांगलीची माणसं लिहितात त्यात नदी आणि ऊस येतोच की. गोव्याच्या माणसाने वाळवंटातलं जग उभं केलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, उंट कधी पाहिलाय का?

तिसवाडीकर (सकाळी ९:४०)

काडीपेटी, तुमचा दुसरा मुद्दा अर्धाच मान्य. चालीला कारण असतं, पण ती पाळणाऱ्यांना ते ठाऊक असतंच असं नाही, आणि ठाऊक असलं तरी तिघांना तीन वेगळी ठाऊक असतात.

दिवाडीचाच दाखला देतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथल्या पिएदाद गावात बोंदेराम होतो. रंगीत बावटे, मिरवणूक, आणि फोटाश, म्हणजे बांबूच्या नळीतून फळं उडवायची बंदूक. आज तो मजेचा सण आहे, बाहेरून लोक येतात, गर्दी होते. मूळ सांगतात ते वाड्यावाड्यांतल्या हद्दीच्या भांडणाचं. पोर्तुगीज अमलात हद्दीला बावटे लावले, लोकांनी ते पाडले, दगडफेक झाली, पुढे त्या भांडणाचंच सोंग झालं. आता फोटाश उडवणाऱ्या पोराला विचारा, त्याला हद्द कुठली, वाद कोणाचा, काही सांगता येणार नाही. त्याला नेम धरायचा आहे.

तेव्हा खारफुटी, मानशीच्या मासळीवरचं भांडण तुम्ही कथेत दाखवू नका. दोनशे वर्षांपूर्वी झालं असं धरा. आज त्याचं फक्त सोंग उरलंय: उभ्या पाण्याच्या बाजारी दोन वाड्यांची पोरं एकमेकांवर सुकी मासळी फेकतात आणि म्हातारे त्यावर गंभीर चेहऱ्याने निवाडा देतात. का, ते कोणी विचारत नाही. काडीपेटीही खूश.

आणखी एक. चालीरीती लिहून ठेवल्या की बदलतात. १५२६ साली अफोंसो मेशिया ह्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारींच्या रूढी कागदावर उतरवल्या. तोवर जे गावच्या तोंडी होतं ते एकदा कागदावर आलं की भांडणात बोट ठेवायला ओळ मिळाली. तुमच्या खारवणात कोणी बाहेरचा कारकून आलाय का? आला असेल तर त्याने काय चुकीचं लिहून घेतलं?

काडीपेटी (सकाळी ९:५५)

खूश. कारकून हवाच. चुकीचं लिहून घेणारा कारकून म्हणजे मी स्वतः होईन.

अंजनी (सकाळी ११:१८)

मला एक दिसलं नाही. बायका कुठे आहेत? तारवा नाव ठेवतो, तारवा बातमी घेतो, तारवा मढं नेतो. बाई काय करते, भाकऱ्या?

आमच्याकडे पौषात धालो असतात. रात्रीचं जेवणखाण आवरून गावच्या बायका मांडावर जमतात, ओळीने फेर धरतात, गाणी होतात, शेवटच्या दिवशी रंभा अंगात येते. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. मांड एरवी साधी मोकळी जागा असते, तिच्यावरून गुरं जातात. त्या रात्रींपुरती ती बायकांची. लहानपणी वाटायचं, इथे माझ्या आईला कोणी हाक मारून चहा मागू शकत नाही, हेच मोठं देवत्व.

खारवणात अशी जागा चिखलाची असेल. महाउधाणानंतरच्या ओहोटीला जी जमीन दहा दिवसांत एकदाच उघडी पडते ती बायकांची. तिसऱ्या, शिणाणे असे शिंपले गोळा करायला जातात असं पुरुष समजतात.

सुकं_सुंगट (सकाळी ११:३०)

तिसऱ्या म्हटल्यावर धागा संपला. आता मला घरी जाऊन सुकं करायला लागेल. कोणाकडे नारळ आहे?

मानसपुत्र (सकाळी ११:३४)

आत्ता तिसऱ्या? बाजारात बघितलंस का भाव?

सुकं_सुंगट (सकाळी ११:३६)

बातमी देऊन मिळतात का विचारतो.

खारफुटी (दुपारी १:०५)

अंजनी, चिखलाची जमीन माझ्याकडे होती, ओलांडायची वाट म्हणून. बायकांची आहे हे तुमच्याकडून कळलं :) आणि खोटी बातमी देणाऱ्याला तारवा त्याच पट्ट्यावर उतरवतो! म्हणजे तो उतरतो तेव्हा तिथे कोण असेल, आणि त्याचा निवाडा खरं तर कोण करतं, हे सगळं बदललं. दुपारचं जेवण राहिलंय, पण हे आधी लिहून काढते.

फेरीतला_प्रवासी (दुपारी २:४०)

पूल न बांधायची चाल वाचून राहवत नाही. रोज फेरीबोटीने कामावर जातो. पाण्याने चेहरा पाहिला पाहिजे वगैरे ज्याला फेरी चुकण्याची भीती नाही त्याने बोलावं. रात्री घरात कोणाच्या छातीत दुखायला लागलं आणि शेवटची फेरी गेलेली असली की सगळी कविता उतरते. बेटावरच्यांना पूल हवा असतो. बेट बघायला येणाऱ्यांना नको असतो.

तिसवाडीकर (दुपारी ३:०२)

सरसकट नाही. बेटावरही दोन मतं आहेत, माझ्याच नात्यात आहेत. पुलाबरोबर जमिनीचे दलालही येतात, ही भीती खोटी नाही. आणि आम्ही तिसवाडीकर विसरतो की तिसवाडी हेच बेट आहे. मांडवी, झुआरी आणि मधली कुंभारजुव्याची खाडी. इतके पूल झाले की पणजीच्या माणसाला बेटावर राहतो हे सांगावं लागतं.

फेरीतला_प्रवासी (दुपारी ३:१०)

पणजीच्या माणसाला छातीत दुखलं तर गाडी दारात येते ना काका. मग त्याने विसरायला हरकत नाही.

काडीपेटी (दुपारी ३:१४)

पुलाचा निधी कुठे गेला, निविदा कोणी...

संपादक (दुपारी ३:२०)

पुलावर वेगळा धागा आहे. इथे खारवणपुरतं बोलावं. काडीपेटी यांच्या प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे.

सुकं_सुंगट (दुपारी ३:२१)

मधल्या चिखलपट्ट्यावर उतरवला!

खारफुटी (दुपारी ४:३०)

फेरीतला_प्रवासी, तुमचा प्रतिसाद धाग्याबाहेरचा नाही, संपादकांची क्षमा मागून म्हणते. खारवणात पूल हवा असणारं माणूस असायलाच हवं, आणि ते खलनायक असता कामा नये. रात्रीची शेवटची होडी गेल्यावर घरात आजारी माणूस असलेली एक बाई मी आज दुपारी लिहिली. ती पहिला खांब रोवते.

बिनपाण्याची_विहीर (सायंकाळी ५:५०)

उशिरा आलो. भूजलाचं काम करतो, त्यामुळे नकाशा पाहिला की आधी बघतो पाणी कुठे आहे. निवळीला गोडं पाणी लिहिलंत, ठीक. पण लहान बेटांवरची चार घरं काय पितात?

लहान बेटावर विहिरीचं गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं हलकं म्हणून. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं मिळतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण गणित उलटंही चालतं. उपसा करून वरची पातळी हातभर उतरवली की खालून खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर यायला बघतं. एकदा विहीर खारी झाली की पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात. म्हणून अशा बेटावर विहिरीचे नियम देवाच्या नियमांपेक्षा कडक असतील. माणशी घागरी ठरलेल्या. पाहुण्याने आपलं पाणी आपण आणायचं. लग्नाला आहेर म्हणून निवळीचं पाणी, निवळीच्याच मडक्यात. कुंभारांचं बेट आणि गोड्या पाण्याचं बेट एकच ठेवलंत ते उत्तम, मडकं आणि पाणी एकत्रच विकलं जाईल.

शिवी कुठली असेल सांगू? "तुझी विहीर खारी होवो."

मानसपुत्र (सायंकाळी ६:०४)

ही शिवी उभ्या पाण्याच्या देवालाही चालेल.

फोंडेकर_तात्या (रात्री ८:१५)

धागा वाचला. प्राणी कुठे आहेत? कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. फोंड्याकडच्या काठावरच्या गावांत पौष अमावास्येला मानगे थापणी होते, चिखलाची मगर घडवून पुजतात. शिंपले लावून खवले करतात. बांधावर राबणाऱ्या माणसाचा आणि तिचा शेजार रोजचा, म्हणून तिच्याशी बोलणी करून ठेवलेली बरी. मारायची नाही, भ्यायचंही नाही, वर्षातून एकदा मान द्यायचा.

दुसरं, वांझ बेट ओसाड का? आमच्या तालुक्यात अर्धे देव पाणी ओलांडून आलेले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर पलीकडे डिचोलीतल्या नार्व्यात गेला, तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधून घेतलं. आदिलशाहीच्या हद्दीत फोंडा, म्हणून नदी हीच भिंत झाली. मूर्ती रात्री होडीत घालून नेल्या तेव्हा त्यांचं तोंड कुठल्या दिशेला होतं हा विचार मी तुमची ओळ वाचेपर्यंत कधी केला नव्हता.

वांझ बेटावर पूर्वी गाव असेल, देव असतील. ते निघून गेले. मागे राहिली ती फक्त मढी.

काडीपेटी (रात्री ८:२२)

तात्या, साष्टांग. पण खारफुटी, हे पुस्तकात कारण म्हणून घालू नका हं. एखादा म्हातारा पुटपुटेल इतपतच.

खारफुटी (रात्री ८:५०)

नाही घालत. म्हाताराही नको. वांझ बेटावर एक रिकामी घडवंची असेल, तेवढी पुरे.

घाटावरची_मंदा (रात्री ९:१५)

मूळ प्रश्नाकडे कोणी वळणार आहे का? काय खरं, काय चिकटवलेलं, हे विचारलं होतं.

माझ्यापुरतं सांगते. होडी खरी, मढं खरं, पूल न बांधणं आता त्या खांब रोवणाऱ्या बाईमुळे खरं. बिननावाचं मूल चिकटवलेलं वाटतं. मला दोन मुलं. बारशाआधीही त्यांना दिवसातून पन्नास वेळा हाक मारली. माणसाला हाक मारायला काहीतरी लागतंच.

अंजनी (रात्री ९:२८)

हो की. गोव्यात बाबू आणि बाय म्हणत म्हणत साठी येते, खरं नाव दहनाच्या वेळी कळतं.

मंदाताई, पण चाल टाकून देऊ नका असं मला वाटतं. घरात बाबू-बाय चालतंच. तारव्याने ठेवलेलं नाव पाण्यावरचं, म्हणजे दुसऱ्या बेटावर वापरायचं. जी बाई लग्न होऊन त्याच बेटावर राहिली आणि कधी होडीत बसलीच नाही, ती म्हातारी झाली तरी बाय. तिला पाण्यावरचं नाव पहिल्यांदा मिळतं ते वांझला जाताना.

घाटावरची_मंदा (रात्री ९:३१)

हे चालेल. माझा मुद्दा मागे.

सुकं_सुंगट (रात्री ९:४०)

आम्हाला मासेमारीच्या बंदीत दोन महिने घरी बसलेले पुरुष कधी दाखवणार? १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस मोठ्या होड्या किनाऱ्यावर, दर्यावर्दी माणूस घरात, आणि घरातल्या प्रत्येक डब्याबद्दल त्याला मत. खारवणच्या पावसात तारवे असेच असतील. त्यांच्या बायका उभ्या पाण्याच्या देवाची वाट बघतील.

मानसपुत्र (रात्री ९:५८)

एक राहिलं, आणि हे कोणीच कसं पकडलं नाही? खारफुटी, तुम्ही मिठाचा सण ऐन पावसाळ्यात घातलाय. मीठ पिकतं ते उन्हात. आमच्याकडे मिठागरं साधारण जानेवारीपासून मेपर्यंत चालतात. पहिल्या सरीला जे गोळा केलं नाही ते गेलं. पावसात घोणसवाल्यांकडे सण करायला मीठच नसेल, झापांनी झाकलेला ढीग असेल आणि तो ते कोणालाही दाखवणार नाहीत.

खारफुटी (रात्री १०:०६)

सण हलवत नाही. पावसातच ठेवते. त्या दिवशी घोणसचे लोक प्रत्येक बेटावर जाऊन शपथेवर सांगतात की आमच्याकडे मीठ शिल्लक नाही.

तिसवाडीकर (रात्री १०:११)

तारव्याला बातमी काय देतात मग?

सुकं_सुंगट (रात्री १०:१२)

भाव वाढणार आहे.